अदलाबदल कोंबड्यांची, मग कोंबडी कुठाय?

"कोंबडी कुठाय?" असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मला वर्षातून दोनदा, डिसेंबरात आणि मे महिन्यात, हमखास ऐकावा लागतो आणि मी हसून वेळ मारून नेते. कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात आमची वाडी. तिथल्या देवळाच्या मांडवात आम्ही गावठी कोंबड्यांची आणि घरी केलेल्या जिनसांची अदलाबदल भरवतो. पैसे चालत नाहीत. सुट्टीवर आलेले चाकरमानी कौतुकाने मांडवभर फिरतात. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, आंबापोळी, कुळथाचं पीठ, सोलं, मालवणी मसाला, तळलेले गरे, सगळं बघून होतं. मग माझ्याकडे येतात, "कोंबड्यांची अदलाबदल म्हणालात ना? कोंबडी कुठाय?"

मांडवात कोंबडी आणायचीच नाही, हा आमचा पहिला नियम. पण तो पहिल्या दिवसापासून नव्हता.

सुरुवात लशीच्या बाटलीने झाली. मानमोडी ह्या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस आम्हाला मिळते ती शंभर पक्ष्यांची बाटली. माझ्याकडे कोंबड्या चौदा. लस एकदा पातळ केली की बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवायची, उद्यावर टाकता येत नाही. चौदा थेंब वापरून बाकीची ओतून द्यायची, हे माझ्या जिवावर यायचं. म्हणून २०१८ पासून मी थर्मासात बर्फ भरून शेजारच्या घरी जायला लागले. वेळ तिन्हीसांजेची, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की. आठवड्याच्या पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. पिल्लू मुठीत धरायचं, थेंब टाकायचा, ते डोळा मिटतं. तो परत उघडेपर्यंत मूठ सोडायची नाही, नाहीतर लस गालावरून ओघळते आणि आपण उगाच समाधानात राहतो. लशीचे पैसे मी कुणाकडे मागितले नाहीत, पण रिकाम्या हाताने मला कुणी पाठवलंही नाही. घरी पोचेपर्यंत पिशवीत कुठे शेरभर कुळीथ, कुठे फणसपोळीची गुंडाळी, एका घरातून तर तिरफळांची पुरचुंडी. ती पिशवी रिकामी करताना सासूबाई म्हणाल्या, "ह्या तू एकटीच कित्याक खातंस? सगळ्यांका मांडवात बोलव."

तसं बोलावलं. पहिल्या वर्षी मांडवात आठ-दहा डाली होत्या आणि प्रत्येक डालीखाली कोंबडा नाहीतर तलंग, म्हणजे तरणी कोंबडी. फार गंमत आली. खरं तर कोंबडे बदलायची गरज होतीच. एकाच घरातला कोंबडा चार-पाच वर्षं त्याच रक्तात फिरत राहिला की अंडी कमी उबतात, पिल्लं मरतुकडी निघतात. जुन्या बायका त्याला शास्त्राचं नाव देत नाहीत, त्या दुसऱ्या वाडीतल्या बाईला सरळ सांगतात, "तुझो कोंबडो माका दी, माझो तू घे."

दुसऱ्या वर्षी एक देखणा, तांबडा, पायांवर पिवळा रंग असलेला कोंबडा मांडवात आला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो मला मिळाला. बदल्यात मी दोन बाटल्या आगळ आणि आंबापोळी दिली, आणि घरी येताना मलाच मिरवल्यासारखं वाटत होतं. सहाव्या दिवशी सकाळी तो खुराड्यातून बाहेरच आला नाही. पिसं फुलवून उभा, खाली हिरवट पातळ विष्ठा. दुपारी मान एका बाजूला वळली ती पाठीवर जाऊन टेकली. मानमोडी हे नाव कुणीतरी हेच बघून ठेवलं असणार. पुस्तकात त्यालाच राणीखेत म्हणतात. दहा दिवसांत माझ्या चौदातल्या तीन उरल्या. आणखी तीन घरांत तेच झालं. एका घरातल्या आजी आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

कोंबडा आणणाऱ्याने तो दोनच दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून घेतला होता, ते नंतर कळलं. त्याला बोल लावून काय करू? मी स्वतः पिल्लांना लासोटा दिली आणि आठव्या आठवड्याला पंखाखाली टोचायची त्याच रोगावरची दुसरी लस, आर-टू-बी, आळसाने राहू दिली होती. सगळ्यांच्या घरी थर्मास घेऊन फिरणारी मी, आणि माझ्याच कोंबड्या अर्ध्या लशीवर. पुढे जानेवारी २०२१ मध्ये दापोलीला मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडल्याची बातमी आली, तेव्हा तर आम्ही मांडवच भरवला नाही. पण त्याच्या आधीच मांडवातून कोंबडी बाद झाली होती.

मग आता बदलतं काय? अंडी बदलतात, आणि खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबड्या.

अंडी सात दिवसांच्या आतली, मे महिन्यात तर चार दिवसांच्या आतली. धुवायची नाहीत, पण विष्ठेने माखलेलं अंडं आम्ही घेत नाही. भाताच्या तुसात बसवून, टोकदार बाजू खाली करून आणायची. घरी नेल्यावर एक रात्र हलवायची नाहीत. ज्या घरात पिल्लांना पांढरी हगवण लागली होती त्या घरची अंडी खायला चालतात, बसवायला नाही, कारण तो रोग अंड्यातूनच पिल्लात उतरतो. हे तोंडावर सांगणं अवघड जातं. मी ते वहीत लिहून ठेवते आणि वही सगळ्यांसमोर उघडी असते. सासूबाई आकडा अकरा नाहीतर तेराच धरतात. बारा का नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

खुडूक कोंबडीला मात्र आमच्याकडे सोन्याचा भाव. गिरिराज वगैरे सुधारित जातीच्या कोंबड्या घेतलेल्यांकडे अंडी भरपूर होतात, पण अंड्यांवर बसायचं त्या कोंबड्यांच्या मनात फारसं येत नाही. गावठी बसते, आणि अशी बसते की हात घातला तर टोचून रक्त काढते. ती रात्रीच न्यायची, फडक्यात गुंडाळून, काळोखात. दिवसा नेली तर नव्या घरात बिथरून अंडी सोडते. आधी दोन दिवस खोटी अंडी द्यायची, ती त्यावर ठाम बसली की खरी सरकवायची. पडवीच्या कोपऱ्यात, बाकीच्या कोंबड्यांपासून लांब. दिवसातून एकदा उठते, दाणा खाते, पाणी पिते, एक भलीमोठी घाण टाकते आणि परत जाते. बाहेरून आलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा असं सांगतात. अंडी उबायला लागतात एकवीस दिवस. हे दोन आकडे जुळतात हे लक्षात आलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं होतं. तो "बरा" म्हणून कुशीवर वळला. पिल्लं निघाली की अर्धी ती जिच्या घरी बसली तिची, अर्धी कोंबडीवालीची. राखणीच्या कोंबड्याचा मात्र ह्यात संबंध नाही. देवाच्या नावाचा कोंबडा आमच्याकडे कुणी अदलाबदलीत देत नाही, घेत नाही.

भाव कोण ठरवतं, हेही काही जण विचारतात. तेरा अंड्यांना एक बाटली आगळ, शेरभर कुळथाला अमुक, असा तक्ता वाडीतल्या एका निवृत्त गुरुजींनी छान अक्षरात लिहून दिला होता. पहिल्याच तासात भांडण लागलं: बाटली कुठली? अर्ध्या लिटरची पाण्याची की पाऊण लिटरची 'ती'? त्यात एकीने आगळात पाणी घातलेलं निघालं. पाणी घातलेलं आगळ टिकत नाही, आंबून बूच उडतं, आणि ते उडालं नेमकं गुरुजींच्या धोतरावर. तक्ता त्याच दिवशी उतरला. आता ज्याने त्याने आपापसात बोलावं. मे महिन्यात आगळ मुबलक असतं म्हणून त्याला कुणी विचारत नाही, पण तेच डिसेंबरात एका बाटलीवर तिघी टपून असतात. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या, तोंडावर सुक्या बांगड्याला जे वजन येतं, ते अंड्याला त्या वेळी येत नाही. आणि श्रावणात अंडी घरोघरी साचतात, तरी तेव्हा आम्ही ती बसवत नाही. पावसाळी पिल्लू ओलीने जातं.

गेल्या मे महिन्यात ठाण्याहून आलेल्या एका दादांनी मांडवात अर्धा तास फिरून शेवटी तोच प्रश्न केला. मी उत्तर द्यायच्या आधीच आठ दिवस न बोललेल्या त्या आजी म्हणाल्या, "कोंबडी बघूक इलास? मगे सांजचे घराकडे येवा. येताना चपला बाहेर काढा आणि हातपाय धुवन येवा."