अर्ध्या दारूची गोळी

धुळ्यात बंदूक दुरुस्तीचा परवाना घेऊन बसलं की कामं ठरलेली असतात. बारा बोअरची तुटलेली स्प्रिंग, पावसाळ्यात गंजलेली नळी, निवडणुकीत ठाण्यात जमा केलेल्या आणि दस्ता फुटून परत आलेल्या बंदुका. शिरपूरकडचे एक आबा आपली थ्री-फिफ्टीन घेऊन आले ते मात्र वेगळंच सांगत. "भाऊ, गोयी निंघनीच नही. फुस्स करी आवाज उना."

थ्री-फिफ्टीन म्हणजे .315 बोअरची, ईशापूरच्या कारखान्यातली रायफल. अंग जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलचं, काडतूस मात्र जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिचरच्या घराण्यातलं. .303 लष्करी बोअर, ती सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून ही. गोळी जाडजूड, साधारण 16 ग्रॅमची. धक्का चांगलाच बसतो आणि आबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. मक्यात रानडुकरं शिरली की नुसता बार काढायचा, तर एवढी दारू कशाला, असा हिशोब पुतण्यानं मांडला. पकडीनं गोळ्या उपसल्या, निम्मी दारू ओतून टाकली, गोळ्या परत ठोकून बसवल्या. (हवेत झाडलेली रायफलची गोळी कुठेतरी खाली येतेच, हे या लोकांना कोण सांगणार!)

बोल्ट काढला, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची जागा, रिकामं आहे हे डोळ्यानं आणि बोटानं पाहिलं. मग तोंडाकडून सळई घालून ती जिथे अडली तिथे चिकटपट्टीची खूण केली. तीच सळई नळीवर बाहेरून धरली की गोळी कुठे बसलीय ते कळतं. चेंबरच्या पुढे तीनेक बोटं. अशा वेळी ज्या बाजूला जवळ पडते तिकडे, म्हणजे तोंडाकडून चेंबरकडे ढकलायची. दोन्ही बाजूंनी तेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी नळीत जेमतेम मावेल एवढी जाड पितळी सळई घेतली. बारीक सळई घेतली तर ती गोळीच्या शिशात घुसते, गोळी फुगते आणि आणखी घट्ट बसते. लोखंडी गज घालून आतला पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) खरवडून आणलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. लाकडी हातोडीनं हलके ठोके देत राहिलो. जागची हलली की ठोक्याचा आवाज बदलतो, त्याची वाट पाहायची.

आधी न जळलेल्या दारूचे दाणे गळले, काजळी लागून एकमेकांना चिकटलेले. मागून गोळी पडली. तिच्या अंगावर पिळाच्या रेषा होत्या आणि दोन्ही बाजूंना पकडीचे दात.

रायफलची दारू दाबाखाली जळायला बनवलेली असते. केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, निम्मी रिकामी असेल तर दाब चढत नाही आणि अर्धी दारू कच्चीच राहते. नळी खाली झुकवली की दाणे गोळीकडे सरकतात, वर उचलली की बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या कॅपकडे, म्हणजे एकाच मापाची दोन काडतुसं दोन तऱ्हेनं पेटतात. याच्या उलटही घडतं. सावकाश जळणारी दारू फार कमी भरली तर कधी कधी दाब एकदम भडकून रायफलच फुटते. असं का होतं यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. जिथे काडतुसं घरी भरणं कायदेशीर आहे, तिथेही कुणी अंदाजानं दारू ओतून टाकत नाही. हलक्या माऱ्यासाठी चालणारी दारू वेगळी घेतात, कंपनीच्या छापील तक्त्यातल्या किमान मापाखाली उतरत नाहीत, गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये बॅटरी मारून पाहतात. हॉजडन ही अमेरिकन कंपनी आपल्या एच-4895 या दारूबाबत कमाल मापाच्या 60 टक्क्यांपर्यंत खाली यायला हरकत नाही म्हणते. ही सवलत त्या दारूपुरती. आपल्याकडच्या काडतुसातली दारू कोणती, हे डब्यावर लिहिलेलंसुद्धा नसतं.

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळी. फुस्स झाल्यावर आबांनी बोल्ट ओढला, रिकामी केस काढली आणि दुसरं काडतूस सरकवलं. ते आरामात बसलं! गोळी चेंबरच्या तोंडाशीच अडकली असती तर दुसरं काडतूस आत गेलंच नसतं. ही तीनेक बोटं पुढे गेली होती, म्हणून जागा मोकळी. घोडा दाबला असता तर अडकलेल्या गोळीवर दुसरी आदळून नळी फुटू शकली असती. आबांनी घोडा दाबला नाही, कारण "आवाज बरोबर नव्हता". लायसन्स नूतनीकरणाला चलन आणि झेरॉक्स मागणारा कारकून हे कुणाला विचारत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षण आलं, आबांचा परवाना त्याच्या किती तरी आधीचा.

शिशाचा मऊ गोळा नळीतून पार ढकलून पाहिला. नळी कुठे फुगली असती तर तिथे तो सैल लागला असता. सगळीकडे सारखाच घट्ट गेला. रायफल शाबूत.

राहिला डबा. त्यात अशीच आणखी काडतुसं होती, हलवली की खुळखुळत होती. वजन करून कशात नेमकी किती दारू उरलीय ते कळत नाही, केस आणि गोळी यांच्या वजनातलाच फरक दारूचा थोडाफार फरक झाकून टाकतो. शिवाय विनापरवाना काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा. रजिस्टरात दोषाच्या रकान्यात मी "नळीत गोळी अडकलेली, काडतूस घरी भरलेले" असं लिहिलं. आबा म्हणाले, मागचे तीन शब्द खोडा, पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. खोडले नाहीत. उरलेली काडतुसं घेऊन स्वतः ठाण्यात जा, झालं ते लेखी द्या आणि पोच आणून दाखवा, मग रायफल देतो म्हणालो. बरोबर केलं की नाही, अजून ठरवता येत नाही. पोलिसांना मीच कळवायला हवं होतं असं आमच्या धंद्यातले दोघं म्हणतात, तिसरा म्हणतो लिहायलाच नको होतं.

काल पुतण्याचा फोन आला. मला वाटलं पोचेबद्दल असेल. "काका, निम्मी फारच कमी झाली ना? मग पाऊण ठेवली तर चालेल?"

डबा कुठे आहे विचारलं. घरीच आहे म्हणाला.