मेल्यावरही तेच घर

आज सुट्टी होती, सकाळी चहा घेऊन कादंबरी उघडली ती दुपारी संपवूनच उठले. अमेरिकेतल्या युटामधलं मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथातलं घर, बापाला चर्चमध्ये मान, सोमवारी संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना, आणि दार बंद झालं की पोरीला पट्ट्याने मार. त्यांच्यात टेंपलमध्ये सीलिंग नावाचा विधी होतो, म्हणजे कुटुंब मेल्यानंतरही कायमचं एकत्र. बाकीच्यांना त्याचा केवढा आधार, आणि हिला वाटतं मेले तरी सुटका नाही... इथे मला रडूच आलं. ती बिशपकडे जाते, बिशप म्हणजे त्यांच्याच वस्तीतला, नोकरी सांभाळून बिनपगारी काम करणारा माणूस, त्यात बापाचा मित्र, तो म्हणतो माफ कर. बारा वर्षांच्या पोरीने! आई शेजारीच मान खाली घालून बसलेली, ती एका शब्दानेही बोलत नाही, तिचाच राग अजून जात नाहीये.