पडा ना एकदा!

तापी आणि पूर्णा जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेव गावी भेटतात आणि खाली हतनूर धरणाने पाणी अडवलेलं आहे. त्यामुळे हिवाळ्यात संगमावर जे संथ, रुंद पाणी पसरतं, ते पाहून कोकणातल्या लाटांत धडपडत पॅडलबोर्डिंग, म्हणजे तरंगत्या फळीवर उभं राहून वल्हवणं, शिकलेल्या माझ्यासारखीला हेवाच वाटला. जळगाव जिल्हा म्हणजे ऊन आणि केळी एवढंच ठाऊक असलेल्या पुण्यातल्या मैत्रिणींना हे पटवणं मी सोडून दिलंय.

भुसावळच्या मावसभावाने हवा भरायचा साडेदहा फुटी बोर्ड घेतला होता आणि तो पलंगाखाली पडून होता. पहिला दिवस मावशीने खाल्ला. भरीत, कळण्याची भाकरी, रात्री शेवभाजी, वर ‘काहीच खाल्लं नाहीस’. खानदेशी पाहुणचार ही या खेळातली खरी अडचण आहे, तोल वगैरे नंतर.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे टाकल्या, केळीच्या ट्रकमागे रखडलो आणि उजाडता उजाडता घाटावर पोचलो. एक नाववाले दादा जवळपास नाव ठेवायला तयार झाले. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडतात तेव्हा इथे बोर्ड घेऊन फिरकायचंही नाही, आणि आत्ताही धरणाच्या दिशेने जायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं.

पंप बाहेर निघाला आणि पोरं गोळा झाली. बोर्डात 15 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा लागते, पण पंपावरचा काटा बराच वेळ शून्यावरच बसून राहतो. पोरांना वाटलं पंप बिघडला. मग काटा हलला तसा त्यांच्यात नंबरावरून भांडणं लागली. शेवटी दोघं दोघं दांड्यावर लोंबकळत होते. बोर्ड लाकडासारखा टणक झाला, खालची फिन, म्हणजे दिशा सरळ ठेवणारं पातं, बसली, बोर्ड दूर जाऊ नये म्हणून पायाला लीश, म्हणजे दोरी, बांधली, लाइफ जॅकेट चढवलं. तोवर देवदर्शनाला आलेल्या एका जीपभर मंडळींनी मोबाइल काढले होते.

भाऊ उभा राहिला आणि घाटावरून आवाज आला, “पडा ना एकदा!”

पडलाच. घाईघाईने चढला, परत पडला. मग टाळ्या. मला त्या टाळ्यांचा भयंकर राग आला, कारण माणूस पाण्याने पडत नाही, अशा टाळ्यांनी पडतो. कान लाल झाले की गुडघे ताठ होतात, ताठ गुडघ्यांवर बोर्डची प्रत्येक हालचाल थेट डोक्यापर्यंत जाते आणि नजर पायांवर खिळते. मी काठावरून सगळं सांगत होते: पाय मधल्या कडीच्या दोन्ही बाजूंना, खांद्याइतके लांब, गुडघे सैल, वल्हं उलटं धरलंयस, पातं पुढे झुकलेलं पाहिजे. सगळं बरोबर आणि सगळं एकदम. त्याला त्यातलं काही ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

नाववाल्या दादांची मुलगी नावेत बसून शेंगा खात होती. ती म्हणाली, “पायाकडे कायले पाहता काका? पडसानच ना मंग. त्या झाडाकडे पाहा.”

एवढंच. त्याने पलीकडच्या काठावरच्या बाभळीकडे पाहिलं, आधी गुडघ्यांवर दहा-बारा हात वल्हवलं आणि मग उठला. डगमगला, पण राहिला. संगमापाशीच चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर आहे. चौदाशे वर्षांच्या या योग्याने पाठवलेला कोरा कागद पाहून वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाई हसल्या, ही गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ. भाऊ परत येताना ओरडला, “मला मुक्ताई भेटली, तू घरी जा!”

गेले घरी? नाही. उलट मीच बोर्ड घेऊन गेले आणि माझा आवडता प्रकार केला: मधोमध जाऊन गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांवर बसण्याची लोकांना एवढी लाज का वाटते, मला कळत नाही. वारा उठला की जाणकारही बसतात. अंगाला वारा कमी लागतो, तोल खाली येतो. पण उभं राहिल्याचा फोटो मिळाला की खेळ संपला असं मानणाऱ्यांचेच बोर्ड पलंगाखाली जातात. मनगटावरच्या घड्याळात किलोमीटर मोजणारेही फार टिकत नाहीत. ज्या दिवशी आकडा कमी येतो, त्या दिवशी पाणीच वाईट ठरतं.

मी भावाला एकच अट घातली: एका फेरीला एकच गोष्ट. आज फक्त नजर. पुढच्या वेळी दंडाऐवजी कमरेतून ओढणं. त्यानंतर वल्हं मागून पुढे गोल फिरवून वळणं. बाकी जे चुकेल ते चुकू दे, पडलास तर बोर्डपासून लांब, आडवा पड. आणि मधे थोडा वेळ काहीच न शिकता नुसतं तरंगायचं. त्या दिवशी लांबवर चक्रवाकांचा थवा बसला होता. त्याचा फोन काठावर राहिल्यामुळे त्याने तो नीट पाहिला.

दहाच्या सुमारास वारा सुटला. आम्ही मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर गेलो होतो, त्यामुळे परतताना वाऱ्यानेच ढकललं. उलट केलं असतं तर नाववाल्या दादांना दोरी टाकावी लागली असती. जीपवाली मंडळी केव्हाच निघून गेली होती.

मुलगी मात्र रुसून बसली. तिलाही बोर्डवर उभं राहायचं होतं. ती आमच्या दोघांपेक्षा चांगली पोहते, पण आमची जॅकेटं तिच्या कानांपर्यंत येत होती आणि त्याशिवाय मी तिला चढू देईना. दादांनी आमची बाजू घेतली, तर त्यांच्याशीही अबोला. लहान मापाचं जॅकेट भुसावळला काही सापडलं नाही. पुण्याहून पाठवलंय, आणि भावाला तंबी दिली आहे की पुढच्या वेळी पहिला नंबर तिचा.