पिरॅमिड बघायला जायचं, मग कादंबऱ्या कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इजिप्तला निघालेल्या मंडळींना मी हवामान आणि कपडे यांच्या आधी पुस्तकांची नावं देते, आणि मग हा प्रश्न ठरलेलाच. गिझा, लक्झर, आस्वान, अबू सिम्बेल एवढं सगळं आठवड्यात बसवायचं, त्यात कथा-कादंबऱ्या कशासाठी? गाइड सांगतोच की सगळं.

गाइड राजांचं सांगतो. दगडात कोरलंय ते बहुतेक राजांचं आणि देवांचं, तो तरी दुसरं काय सांगणार? पण त्या देशात आज दहा कोटींहून जास्त माणसं राहतात. ती मला भेटली ती तिथल्या लेखकांमुळे, आणि त्यांना न भेटता परत येणं मला फार मोठं नुकसान वाटतं.

जुन्या कैरोत मुइझ रस्त्यावर 'बैन अल-कसरैन' नावाचा भाग आहे. नगीब महफूझ यांच्या कैरो-त्रयीतल्या पहिल्या कादंबरीचं नाव तेच. ती १९५६ साली आली. महफूझ १९११ साली जन्मले ते याच जमालिया मोहल्ल्यात. कादंबरीतली आमिना मध्यरात्री उठून, लाकडी जाळीच्या सज्जातून रस्ता न्याहाळत नवऱ्याची वाट बघते. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याच्या परवानगीविना तिनं उंबरा ओलांडलेला नाही. तो परगावी गेलेला असताना मुलं आग्रह करतात आणि ती हुसेन मशिदीत जाऊन येते. परतताना गाडीचा धक्का लागून हाड मोडतं. बरी झाल्यावर नवरा तिला घराबाहेर काढतो, माहेरी धाडतो. मी त्या रस्त्यावरून हुसेन मशिदीपर्यंत चालत गेले. रमतगमत, दुकानं बघत गेलं तरी पाव तासाची वाट. एवढ्याशा वाटेसाठी त्या बाईचं तारुण्य सरलं होतं! त्या रस्त्यावरचे मिनार सुंदर आहेत, फोटोही छान येतात. माझी नजर मात्र वरच्या जाळ्यांवरून हटेना.

दक्षिणेकडे जाताना विमान टाळा, दिवसाची रेल्वे घ्या. खिडकीतून कालवा, बरसीमचे हिरवे पट्टे, ऊस, खजुरी, गाढवाच्या गाड्या आणि गिलावा न केलेली विटांची घरं दिसत राहतात. मिन्या प्रांतात मघाघा लागतं. ताहा हुसेन १८८९ साली त्याच भागात जन्मले. लहानपणीच दृष्टी गेलेला हा मुलगा पुढे देशाचा शिक्षणमंत्री झाला. 'अल-अय्याम' या आत्मकथनाच्या सुरुवातीला त्याला आठवतं ते घरासमोरचं कुंपण, आणि त्याच्या पलीकडचा कालवा, जिथे त्याच्या लेखी जग संपत होतं. हे वाचलेलं असलं की रुळांशेजारचं पाणी नुसतं पाणी राहत नाही.

याच शेतांमधला माणूस तौफिक अल-हकीम यांच्या १९३७ सालच्या कादंबरीत कोर्टात उभा आहे. निवेदक आहे खेड्यात नेमलेला सरकारी वकील. कायदा शेतकऱ्याला ठाऊक नाही, दंड मात्र भरावा लागतो; एका न्यायाधीशाला कैरोची गाडी गाठायची असते, म्हणून तो खटले भराभर निकालात काढतो. आणि आता मागे जा, सुमारे ४,००० वर्षं मागे. पपायरसवर लिहिलेली खुन-अनुप नावाच्या माणसाची गोष्ट उपलब्ध आहे. त्याच्या गाढवानं वाटेवरच्या शेतातलं घासभर धान्य खाल्लं, या निमित्तानं एका माजोरड्या माणसानं त्याची गाढवं आणि माल हिसकावला. खुन-अनुप दाद मागतो, एकदा नव्हे, नऊ वेळा. अधिकारी गप्प राहतो, कारण राजाला त्याचं बोलणं इतकं आवडलेलं असतं की ते सगळं लिहून घ्यायचा हुकूम असतो. शेवटी न्याय मिळतो. पण मधल्या काळात तो चिडतो, रडकुंडीला येतो, मरणाची भाषा करतो. पिरॅमिडांच्या देशातल्या या साध्या माणसाचा आवाज मला कुठल्याही सोन्याच्या मुखवट्याहून मोलाचा वाटतो.

आता अबू सिम्बेल. आस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्यात ही देवळं बुडणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, उचलून उंचावर पुन्हा उभारली. अनेक देशांनी पैसा दिला, युनेस्को पाठीशी राहिली. काम थक्क करणारं आहे, जरूर बघा. पण त्याच पाण्याखाली नुबियन लोकांची, म्हणजे इजिप्त-सुदान सीमेच्या दोन्ही बाजूंना नाईलकाठी राहणाऱ्यांची, गावं गेली, घरं, खजुरीची झाडं, कबरी यांसकट. इजिप्तच्या बाजूचे सुमारे ५० हजार लोक उठवून कोम ओंबोजवळच्या नव्या वस्त्यांत नेले, नदीकाठापासून दूर. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठच्या वाचकाला धरणग्रस्त म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. हग्गाग हसन उद्दूल हे नुबियन लेखक तरुणपणी त्याच धरणाच्या बांधकामावर मजूर होते. पुढे त्यांनीच बुडालेल्या नुबियाच्या कथा लिहिल्या. त्याआधी, १९६८ साली, मुहंमद खलील कासिम यांची 'अल-शमंदूरा' आली. आस्वानचं जुनं धरण १९३३ साली उंच केलं तेव्हाही नुबियन गावं बुडाली होती, त्याची ही कादंबरी तुरुंगात लिहिली गेली. देवळांसाठी जगानं केलेली धडपड माहितीफलकांवर वाचायला मिळते. माणसांचं काय झालं ते वाचायला या लेखकांकडेच जावं लागतं.

तेव्हा वेळ कमी असेल तर उद्दूल यांच्या कथा आधी वाचा. आकारानं लहान आहेत, इंग्रजीत मिळतात. महफूझ यांची त्रयी जाडजूड आहे, ती परत आल्यावर वाचली तरी चालेल. आणि नाईलवरची बोट कोम ओंबोचं देऊळ दाखवायला थांबेल तेव्हा गाइडला एवढं नक्की विचारा: नुबियन वस्त्या इथून किती लांब आहेत, आणि तिकडे जाता येईल का?