मेलंय की ते!

रात्रपाळी संपवून मी पहाटे पावणेसहाच्या सुमारास डोंबिवलीत घरी पोचतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, म्हणजे दिवसभर नाही तर रात्रभर नळ्या. घरची मंडळी झोपलेली असतात, त्यामुळे बूट काढता काढता माझ्या गप्पा व्हायच्या त्या हॉलमधल्या तीन फुटी टाकीशीच. कुणी बघत नसताना मासे काय करतात ते मला दिसतं, हा या अवेळेचा फायदा. पण सुरुवातीचे काही महिने जे दिसलं त्याचा मी जवळपास दर वेळी उलटा अर्थ लावला.

पहिला झटका निऑन टेट्रांनी दिला. टाकीत येऊन दोन दिवस झाले होते. पहाटे दिवा लावला तर दहाच्या दहा मासे राखाडी, निळा पट्टा गायब, लाल धुऊन गेलेला. मी बायकोला उठवलं. ती डोळे चोळत हॉलमध्ये येईपर्यंत पट्टे हळूहळू पुन्हा पेटायला लागले होते. "यासाठी उठवलंस?" निऑन अंधारात रंग मिटवून घेतो आणि उजेडात परत आणतो. रोजचंच आहे ते. दिवसा टाकी बघणाऱ्यांना कळतही नाही.

खरी फजिती लोच माशांनी केली. एका रविवारी कुर्ल्याहून तीन झेब्रा लोच आणले. बोटाएवढे, अंगावर बारीक तिरक्या पट्ट्या, तोंडाशी मिशा. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, टाकीचं पाणी वाटीवाटीने पिशवीत घातलं, दिवा बंद करून सोडलं आणि ड्युटीवर गेलो. सकाळी येतो तर दोघांचा पत्ता नाही आणि तिसरा लाकडाच्या ओंडक्यापाशी वाळूवर आडवा. चक्क कुशीवर. आई तेव्हा देवासाठी फुलं काढायला उठली होती. तिने काचेत डोकावून निदान केलं, "अरं, मेलंय की ते!"

मी लगेच जाळी घातली. जाळी अंगाला लागताच मेलेला मासा असा उसळला की पाणी माझ्या चष्म्यावर. आणि मग अडकला. या जातीला डोळ्याखाली एक काटा असतो. एरवी तो खोबणीत मिटलेला असतो, मासा घाबरला की उभा राहतो. तो काटा जाळीच्या दोऱ्यात रुतला. मी ओढलं असतं तर डोळाच फाटला असता. शेवटी आईने शिवणाची कात्री आणली, मी जाळी पाण्यातच धरून ठेवली आणि तिने काट्याभोवतीचे चार दोरे कापले. जाळीचा एक तुकडा गालावर घेऊन मासा लाकडाखाली पळाला. तुकडा दुपारपर्यंत गळून पडला.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. माणसाच्या रक्ताचा साधा रिपोर्ट मी दोनदा तपासल्याशिवाय सोडत नाही, आणि इथे कल्ल्याची झाकणं हलतायत का एवढंसुद्धा बघितलं नव्हतं. लोच असेच झोपतात. कुशीवर, कधी दगडाच्या फटीत उभे खोचलेले, कधी पोट वर करूनसुद्धा. नव्या जागेत पहिले काही दिवस ते दडून राहतात आणि जेवत नाहीत, तेही नेहमीचंच. मी खाणं वरून टाकत होतो आणि "खात नाहीत" म्हणून काळजी करत होतो. दिवा बंद केल्यावर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या टाकायला लागलो आणि जेवणाच्या काट्याला टोचून काकडीची चकती ठेवली, तेव्हा सकाळी चकतीचं फक्त साल उरलेलं दिसलं.

दोन आठवड्यांनी तिघांत जुंपली. सगळ्यात मोठा बाकीच्या दोघांना फटीतून हुसकून लावायचा आणि धाकटा काचेला तोंड लावून दिवसभर वर-खाली करत राहायचा. बघणाऱ्यांना वाटायचं खेळतोय. तो खेळ नव्हता, त्याला जायला जागा नव्हती. लोच टोळीने राहतात. किमान पाच-सहा असले तर दादागिरी वाटली जाते, तिघांत ती एकाच्याच बोकांडी बसते. म्हणून आणखी चार आणले. या वेळी शहाणपणा केला, त्यांना तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवलं. लोचचे खवले अगदी बारीक असतात, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांना चटकन धरतो आणि त्यावरची औषधंही सोसत नाहीत. अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखं दिसलं किंवा मासा सारखा दगडाला अंग घासायला लागला, तर ते मुख्य टाकीत कळण्यापेक्षा टबात कळलेलं बरं.

तसं काही झालं नाही. चौघांना टाकीत सोडलं आणि त्याच दिवशी, पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसा, मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळून काढला. अगदी पांढरा केला. कौतुकाने बायकोला दाखवलासुद्धा.

तिसऱ्या दिवशी नवे चौघं वर येऊन तोंड उघडत होते. आता मी शिकलेला माणूस. म्हटलं, नवीन आहेत, रुळतील, उगाच हात घालायचा नाही. झोपून उठलो तो दुपारी एक वाजता. तेव्हा पाहिलं तर निऑनही वर, जुने तीन लोचही वर. मग ट्यूब पेटली. नवा मासा काय करतोय हे त्याच्याकडे बघून कळत नाही. बाजूचे जुने काय करतायत ते बघावं लागतं. नवा एकटाच विचित्र वागत असेल तर बहुतेक वेळा त्याला अजून जागा कळलेली नसते. जुनेही तसंच वागायला लागले की बिघाड पाण्यात.

नळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. नायट्राइटची नळी फिकट निळी यायला हवी, ती जांभळी झाली. स्पंजमध्ये जे जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे त्याचं नायट्रेट करतात, ते मी नळाच्या क्लोरीनखाली धरून मारले होते. आणि नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरायचं सोडून देतं. हे मला कुणी शिकवायची गरज नाही, मेथहिमोग्लोबिन, म्हणजे असं निकामी झालेलं हिमोग्लोबिन, हा माझ्या अभ्यासाचा भाग होता! क्लोरीन मारायला हायपोचे खडे घातलेलं पाणी भरून अर्धी टाकी बदलली, हवेचा पंप जोरात सोडला, पुढचे दहा दिवस रोज थोडं थोडं पाणी बदललं. दोन निऑन गेले. लोच सगळे वाचले. स्पंज आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळतो, आणि काळपट राहू देतो.

दुकानदाराने हे लोच "इम्पोर्टेड आहेत साहेब" म्हणून विकले होते. नंतर वाचलं तर हा बोटिया स्ट्रायटा, १९२० साली नारायण राव यांनी नोंदवलेला, सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. टबापासून टाकीपर्यंत इतकं जपलं, पण ते मुळात नदीतून धरून आणलेले असतील का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आता पुन्हा हे लोच विकत घेणार नाही. आहेत ते सात सांभाळीन. आईचं माहेर राधानगरीकडचं, भोगावतीच्या काठचं. ही भोगावती पुढे पंचगंगेत आणि पंचगंगा कृष्णेत. तिला हे सांगितलं तेव्हापासून ती त्यांना "आमच्याकडची पोरं" म्हणते आणि काकडी चिरताना एक चकती बाजूला काढते.

आज पहाटे आलो तेव्हा तीन जण लाकडाखाली एकावर एक आडवे पडले होते. मी दिवा न लावता गोळ्या टाकल्या आणि खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने काचेतून आवाज यायला लागला, बारीक, नख आपटल्यासारखा, टक, टकटक. खाताना लोच असा आवाज करतात. आई आतून ओरडली, "नळ गळतोय काय रं?"