तुम्ही विचारलंत म्हणून: आर्किटेक्टने डेव्हलपमेंटमध्ये कसं जावं?

‘काही वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम झालंय, आता कमर्शियल डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे ऑफिसं-दुकानांच्या इमारती उभारून भाड्याने देण्या-विकण्याच्या धंद्यात जायचंय. एमबीए करावं लागेल का?’ हा प्रश्न तुम्ही बरेच जण विचारता. एमबीए न करताही जाता येतं. पण कोऱ्या एक्सेल शीटवर एका इमारतीचा पूर्ण हिशोब स्वतः मांडता येईपर्यंत जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हिशोबाचा गाभा छोटा आहे. प्रकल्पाचा एकूण खर्च १०० धरा. यात जमीन, बांधकाम, सल्लागारांची फी, परवानग्या, बांधकामाच्या काळातलं व्याज, ब्रोकरेज आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद हे सगळं आलं. इमारत भरली की रिकाम्या जागेची वजावट करून वर्षाला १२ भाडं येतं. देखभाल, कर, विमा यांत ३ जातात. उरलेले ९ म्हणजे निव्वळ उत्पन्न. तशाच इमारती बाजारात ८ टक्के कॅप रेटने (विक्रीच्या किमतीच्या किती टक्के निव्वळ उत्पन्न वर्षाला मिळतं, तो दर) विकल्या जात असतील, तर तुमच्या इमारतीची किंमत ९ भागिले ०.०८, म्हणजे ११२.५. नफा १२.५.

आता भाडं फक्त ५ टक्के कमी मिळालं असं धरा. ३ चा खर्च काही कमी होत नाही. निव्वळ उत्पन्न ८.४ वर येतं, किंमत १०५ आणि नफा ५. भाडं ५ टक्क्यांनी घसरलं, नफा ६० टक्क्यांनी. भाडं ठरल्याप्रमाणे मिळालं, पण कॅप रेट ९ टक्क्यांवर गेला, तर नफा शून्य. आणि १० टक्के व्याजाचं ६० चं कर्ज पूर्ण उचललेलं असताना काम सहा महिने लांबलं, तर ३ नुसते व्याजात जातात. नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. दर्शनी भागाचं डिटेल सुधारायला मागितलेले दोन महिने या शीटवर कसे दिसतात, ते एकदा घालून बघाच.

हाच हिशोब आर्किटेक्टच्या बाजूनेही बोलतो, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १ लाख चौरस फूट बांधकामात भाड्याने देण्याजोगी जागा ७८ टक्क्यांऐवजी ८२ टक्के निघाली, तर ४,००० चौरस फूट जास्त मिळतात आणि बांधकामाचा खर्च जवळपास तोच राहतो. भाडं सुमारे ५ टक्क्यांनी वाढतं. वरच्या उदाहरणात नफा १२.५ वरून २० च्या पुढे जातो. हे चार टक्के जिन्यांच्या जागेत, लिफ्टच्या संख्येत, एकावर एक न आलेल्या टॉयलेटच्या शाफ्टमध्ये आणि मजला दोन-तीन भाडेकरूंत वाटल्यावर लागणाऱ्या कॉरिडॉरमध्ये दडलेले असतात. फायनान्सवाल्याला ते प्लॅनमध्ये दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. मात्र ते ग्रिड, म्हणजे खांबांची आखणी, पक्की होण्याआधी शोधायचे. आणि ग्रिड तळघरातल्या पार्किंगवरून ठरत वर येते: तीन गाड्यांना प्रत्येकी २.५ मीटर धरून ७.५ मीटर मोकळे, त्यात खांबाची जाडी, म्हणून अंतर ८.४ मीटरच्या आसपास जातं. वरच्या मजल्यावर कोअरपासून (लिफ्ट-जिन्यांचा गाभा) काचेपर्यंत साधारण ९ ते १२ मीटर अंतर असलं की ऑफिसची मांडणी नीट बसते.

पण कमीत कमी वाया जागा म्हणजेच उत्तम इमारत, असंही नाही. अटलांटाचे आर्किटेक्ट जॉन पोर्टमन स्वतः डेव्हलपर झाले. १९६७ मध्ये उघडलेल्या त्यांच्या हयात रीजन्सी हॉटेलात २२ मजली उंच अट्रियम, म्हणजे आतला मोकळा चौक आहे. नुसत्या टक्केवारीत ती वाया गेलेली जागा. पण हॉटेल खोल्यांवर चालतं, आणि लोक तो अट्रियम बघायला येत. पुढे कितीतरी हॉटेलांनी तोच कित्ता गिरवला. टक्केवारीबरोबर जागेला मिळणारा दरही बघायचा असतो.

म्हणून शिरायचं कुठून? डेव्हलपरकडे डिझाइन मॅनेजरची जागा सहज मिळते, पण तिथे जमिनीची किंमत आणि कर्जाच्या अटी आधीच ठरलेल्या असतात. हे जिथे ठरतं त्या टेबलावर बसल्याशिवाय धंदा कळत नाही. त्यापेक्षा जमीन तपासणाऱ्या टीममध्ये जागा मागा, हुद्दा कमी असला तरी. जमीन घ्यायची की नाही, हे ठरवायला मोजके आठवडे मिळतात. तेवढ्यात किती बांधता येईल, किती भाड्याने जाईल, रस्ता-पाणी-वीज कुठून येईल हे ज्याला सांगता येतं, त्याला पुढच्या बैठकीला बोलावतात. लीजिंग ब्रोकरांशी आधीपासून बोलत राहा. भाडेकरू माल चढवायची जागा, बॅकअप वीज आणि छताखालची मोकळी उंची विचारतात. एलिव्हेशन, म्हणजे बाहेरचं रूप, नंतर.

पहिल्या शीटमध्ये आर्किटेक्टकडून हमखास सुटतं ते बांधकाम संपल्यानंतरचं: इमारत भरायला लागणारे महिने, भाडेकरूला द्यायचे बिनभाड्याचे महिने, त्याच्या फिटआउटला (जागेतल्या आतल्या कामाला) द्यायचा वाटा. इमारत ताब्यात आल्याच्या दिवसापासून पूर्ण भाडं धरलेली शीट बँकेत पहिल्याच प्रश्नाला कोसळते. सरावासाठी एखादी बांधून झालेली इमारत घ्या, तिचे मजले मोजा, चालू भाडं विचारा आणि उलटं गणित करून जमिनीला किती द्यायला परवडलं असतं ते काढा.

कोणी फीऐवजी प्रकल्पात हिस्सा देऊ केला, तर पैसे कोणत्या क्रमाने वाटले जाणार ते लेखी घ्या. आधी बँक, मग गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग त्यांचा ठरलेला परतावा आणि शेवटी उरलं त्यात वाटणी. तुमची फी शेवटच्या पायरीवर असेल, तर वर दाखवलेला सहा महिन्यांचा उशीर सगळ्यात आधी तुमच्या खिशाला लागतो. त्याच प्रकल्पाच्या ड्रॉइंगवर तुमची सही असेल, तर व्यावसायिक दायित्वाची विमा पॉलिसीही उघडून वाचा. स्वतःचा हिस्सा असलेल्या प्रकल्पातले दावे बऱ्याच पॉलिसी वगळतात. हिस्सा किती टक्क्यांच्या वर गेला की संरक्षण जातं, हे सही करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी मागवा.