सेव्ह केलेले फायरवॉल रूल्स रिस्टोअर करण्याआधी एवढं बघून घ्या

आयपीटेबल्स म्हणजे लिनक्सचं फायरवॉल, त्याचे रूल्स कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरीत असतात, सर्व्हर रिबूट झाला की गेले, म्हणून आयपीटेबल्स-सेव्हचं आउटपुट फाइलमध्ये ठेवायचं आणि नंतर तीच फाइल आयपीटेबल्स-रिस्टोअरला द्यायची, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण रिस्टोअर आतमध्ये नेमकं काय करतं ते लांबचा सर्व्हर एसएसएचवरून (म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून) सांभाळणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावंच असं मला मनापासून वाटतं.

रिस्टोअर जुन्या रूल्समध्ये भर घालत नाही. रूल्स टेबल नावाच्या गटांत असतात, फाइलमध्ये ज्या टेबलचं नाव आहे ते टेबल आधी पूर्ण रिकामं होतं आणि मग फाइलमधले रूल्स त्यात बसतात. म्हणजे फाइलमध्ये फक्त फिल्टर टेबल (काय सोडायचं, काय अडवायचं ते) असेल तर नॅट टेबलला (पत्ते बदलणारे रूल्स) हात लागत नाही, पण फिल्टरमध्ये काल हाताने टाकलेला रूल मात्र उडतो. जुने ठेवायचे असतील तर नोफ्लश ऑप्शन द्या.

आणि हो, एका टेबलचे सगळे रूल्स त्याच्या शेवटच्या कमिट लाइनला एकदम लागू होतात, मध्ये कुठे स्पेलिंग चुकलं असेल तर ते टेबल होतं तसंच राहतं. एकेक कमांड लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये हे मिळत नाही, तिथे पॉलिसी आधी ड्रॉप झाली (म्हणजे ज्याला रूल नाही ते सगळं अडवायचं) आणि पोर्ट २२ चा, म्हणजे एसएसएचचा, रूल यायच्या आधीच स्क्रिप्ट अडकली की संपलं, बाहेरच बसायचं. म्हणून मी फाइलच्याच बाजूची आहे.

आधी टेस्ट ऑप्शन लावून चालवा, फाइल फक्त तपासली जाते, लागू काही होत नाही. पण सिंटॅक्स बरोबर असूनही स्वतःचाच रस्ता बंद करणारा रूल त्यात असू शकतो ना, त्यासाठी डेबियन-उबंटूवर आयपीटेबल्स-अप्लाय आहे, ते रूल्स लावून विचारतं आणि ठरलेल्या वेळात तुम्ही होकार दिला नाही तर जुने रूल्स आपोआप परत आणतं. इतकी उपयोगी गोष्ट लोक वापरतच नाहीत!

डॉकर (अ‍ॅप्स कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) चालू असताना सेव्ह केलेल्या फाइलमध्ये डॉकरच्या चेन्स (रूल्सच्या याद्या) आणि कंटेनरचे त्या वेळचे आयपी पण येतात, ते काढून टाका, नाहीतर रिस्टोअरनंतर कंटेनरचं नेटवर्क बिघडतं आणि डॉकर सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते. आयपीव्ही६ ची फाइल वेगळी, कमांडपण वेगळी, आयपी६टेबल्स-रिस्टोअर.

एनएफटेबल्सवर (आयपीटेबल्सच्या जागी आलेलं नवं फायरवॉल) गेला असाल तर तिथे उलट आहे, तिथली एनएफटी ही कमांड फाइल लोड करताना जुनं आपोआप पुसत नाही, त्यामुळे फाइलच्या पहिल्या ओळीत फ्लश रूलसेट लिहा, नाहीतर तेच रूल्स दोनदोनदा दिसतील.